एका दिवसाचे टायर

"हणम्या, एक रुपया दे," शहाजी म्हणाला.

मी खिशातून नाणं काढून दिलं. तो टायरसमोर उकिडवा बसला आणि रबराच्या खाचेत नाणं उभं खुपसून बघायला लागला. नाणं अर्ध्याच्या वर आत गेलं. मग शेजारच्या टायरला. मग परत पहिल्याला. दस्तगीरभाईंच्या दुकानात आम्हाला तास होऊन गेला होता, आणि या कामाची ही तिसरी फेरी होती. आधीचे दोन रविवार तो नुसता हात लावून, विचारून परत आला होता.

"मंदावहिनींना बघायला गेलो तवा चहा निवायच्या आत हो म्हणालास," मी म्हणालो. "आन् टायरला तीन आठवडे!"

"तवा तिनं मला पसंत करायचं होतं, लेका. मी कोण नको म्हणणार? इथं मला करायचंय."

दस्तगीरभाई गालातल्या गालात हसले. माणूस मोठा सबुरीचा. त्यांनी तीन जातीचे टायर पुढ्यात मांडले होते. एक साधा, सडकेचा, बारीक नक्षीचा. एक चिखलाचा, हे एवढे ढेकळासारखे ठोकळे असलेला. आणि एक मधला, ज्याला ते ऑल टेरेन म्हणत होते.

"ह्यो घे की," मी चिखलवाल्याला थाप मारली. "वाघाचा पंजा हाय नुसता. लोक बाजूला होतील."

"लोक बाजूला करायला घ्यायचाय व्हय?" शहाजी म्हणाला. आणि दस्तगीरभाईंकडे वळून, परीक्षेला बसल्यासारखं, त्यानं तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. "बारा किलोमीटर डांबर. मग चार किलोमीटर घाट, त्यो बी डांबरी, पण कायम ओला. मग सड्यावर पाच किलोमीटर जांभा आन् चिखल. रोज जायचं, रोज यायचं. मंडळी संगं असतात."

"मग तुम्ही हेच घ्या," दस्तगीरभाईंनी मधल्यावर हात ठेवला. "चिखलवाला डांबरावर घूंघूं करतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर ऐकत नाही. साधा टायर वर सड्यावर बसकण मारेल. हा दोन्हीकडं तोंड देतो. ह्या ठोकळ्यांवर बारीक चिरा बघा. त्या पाणी कापतात."

शहाजीनं त्या चिरांवरून बोट फिरवलं. मला हसू येत होतं. टायर तो टायर, गोल असला आणि हवा धरली की झालं, अशी माझी अक्कल. माझ्या गाडीच्या टायरांत रुपया काय, पोस्टाचं तिकीटसुद्धा उभं राहिलं नसतं.

शहाजी माझा पहिलीपासूनचा दोस्त. धामणवडीत आमची घरं पाठीला पाठ लावून. तो आयटीआय करून वर सड्यावर पवनचक्क्यांच्या कंपनीत लागला. सडा म्हणजे आमच्या डोंगराचा सपाट माथा, सगळा जांभा दगड. तिथल्याच सरकारी उपकेंद्रात मंदावहिनी नर्स होत्या. एसटीचा तिथं काही भरवसा नाही, म्हणून त्यानं डबल केबिनची पिकअप घेतलेली. दोघं सकाळी संगं जात, संध्याकाळी संगं येत. वहिनी डावऱ्या. इंजेक्शन डाव्या हातानं देत, आणि असं देत की पोराला कळायच्या आत सुई बाहेर. "नर्सबाईंचा हात लई हलका," असं अख्खा सडा म्हणायचा. माझी धाकटी सुमन त्यांच्याकडं टोचून घ्यायला हसत जायची.

माझीही पिकअपच, त्याच कंपनीची, त्याच मापाची, पण साधी आणि सहा वर्षांनी जुनी. मी पहाटे भाजी भरायचो आणि बाजाराला न्यायचो. त्याच्या गाडीचं चाक काढून माझ्या गाडीला लावलं तर नट-बोल्टसकट बसेल, इतकी सख्खी भावंडं.

त्यानं शेवटी ते चार टायर घेतलेच. बाजूला पांढरी उठावाची अक्षरं होती. वहिनी दर रविवारी जुन्या टूथब्रशनं ती अक्षरं घासायच्या. गावातली माणसं पारावरून उठून टायर बघायला आली होती. बाबूआप्पा म्हणाले, "शाजीनं गाडीला पैंजण घातलं." मला ते लागलं. माझ्या गाडीकडं बघायला नऊ वर्षांत कुणी उठून आलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, दसऱ्याच्या तोंडावर, माझ्या गाडीचं पासिंग आलं.

माल वाहायच्या गाडीला, ती जुनी झाली की, दरसाल सरकारी तपासणीला उभं करावं लागतं. आमच्याकडं त्याची एक रीतच पडलेली आहे. जसा नवरदेव उभा करायचा तशी गाडी उभी करायची, एकाचा कोट, दुसऱ्याचे बूट. आग विझवायचा सिलेंडर याचा, औषधाची पेटी त्याची, आणि टायर तिसऱ्याचे. दिवसभरापुरते मागून आणायचे, पासिंग झालं की संध्याकाळी ज्याचे त्याला. सगळेच करतात. याला कुणी फसवणूक म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात.

गुरुवारी दिवस मावळताना मी शहाजीच्या परसात गेलो.

"एका दिवसाचा प्रश्न हाय," मी म्हणालो. "उद्या पासिंग."

त्यानं माझ्या गाडीकडं एकदा बघितलं. मग जॅक आणायला उठला. आम्ही दोघांनी मिळून आठही चाकं खोलली. त्याची माझ्या गाडीला, माझी त्याच्या गाडीला. माझ्या चाकांवरून हात फिरवून त्यानं तोंड वाकडं केलं.

"हणम्या, ही चाकं हायेत का भोपळे? ह्याच्यावर भाजी नेतोस तू?"

"भाजीला काय धाड भरलीय!"

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावजी, उद्या संध्याकाळी नक्की परत लावाल ना?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, सूर्य मावळायच्या आत."

"माझी रविवारपतोर रजा हाय," शहाजी म्हणाला. "माझं काय नाय. पण हिला कवाबी बोलवणं येतं. बाळंतीण काय वेळ सांगून अडत नसती."

"कळतंय रं मला."

शुक्रवारी साडेबाराला माझं पासिंग झालंसुद्धा. साहेबांनी बुटाच्या टोकानं पुढच्या टायरला टिचकी मारली, "टायर झकास ठेवलेत," म्हणाले आणि कागदावर सही केली. फाटकाबाहेर एक पेंटर डबा-ब्रश घेऊन बसलेला असतो. गाडीच्या डाव्या दारावर पासिंग कुठवर आहे ती तारीख त्यानं लिहायची, हा नियमच. त्यानं पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं: पासिंग १०-१०, आणि पुढं पुढचं साल. त्या दिवशी अकरा तारीख होती. एक वर्षाचं पासिंग म्हणजे पुढल्या साली दहापर्यंत. साधा हिशेब.

तिथून मी सरळ घरी यायचं. रस्ता दीड तासाचा.

पण वाटेत चहाला थांबलो तर हॉटेलवाला म्हणाला, "गाडी नवीन घेतली का पाव्हणं?" मी नाही म्हणालो नाही. बाजारपेठेतून गाडी उगीच हळू काढली. दुकानांच्या काचांत माझी गाडी दिसत होती, आणि खरं सांगतो, मला ती माझी वाटत नव्हती, इतकी देखणी दिसत होती. मग दिनकर आठवला.

दिनकर माझा मेव्हणा, फौजेत. दसऱ्याला सुट्टीवर आला होता. माझी बायको वैजंता पोरींना घेऊन आधीच माहेरी बेलवाडीला गेलेली. हा दिनकर दरवेळी मला चारचौघांत विचारायचा, "दाजी, भाजीचा टेम्पो काय म्हणतोय?" आणि सगळे हसायचे. दसऱ्याला बेलवाडीत सगळ्या गाड्या देवळापुढं ओळीनं उभ्या करून पुजतात. माझ्या डोळ्यांपुढं ती ओळ उभी राहिली, आणि तिच्यात माझी गाडी, पांढऱ्या अक्षरांच्या टायरांवर.

मी गाडी बेलवाडीच्या रस्त्याला घातली.

संध्याकाळी शहाजीचा फोन आला. "झालं का पासिंग?"

तोंडातून आपोआप निघालं. खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी नाही अडखळलो. "नाय रं. साहेब दुपारीच उठून गेले. उद्या दुसरा शनिवार, परवा दसरा. आता सोमवारी बोलावलंय. म्हणून इथं सासरवाडीलाच थांबतो."

"मग चाकं?"

"आता काय दोनदोनदा खोलत बसतो? सोमवारी उरकलं की तसाच येतो."

तो म्हणाला, "आन् मंदाला बोलवणं आलं तर?"

"आलं तर मी हाय की! माझी गाडी, मीच ड्रायव्हर. नुसता फोन टाक. अर्ध्या तासात दारात उभा."

"नक्की?"

"आईशप्पथ."

"बरं," तो म्हणाला. माझ्या शब्दावर तो कायम असाच बरं म्हणायचा.

रविवारी दसरा. पहाटेपासून परतीच्या पावसाची भुरभुर लागलेली. मी गाडी धुतली. वैजंताकडून जुना टूथब्रश मागून घेतला आणि ती पांढरी अक्षरं एक-एक करून घासली. झेंडूचे हार घातले. चारी टायरांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं. दिनकर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली बसला आणि मोबाईलवर फोटो काढायला लागला.

"दाजी, टायर एक नंबर! आमच्या युनिटच्या गाड्यांना असले असतात. कधी घेतले?"

"घेतले हौसेनं," मी म्हणालो.

"मान गये!" म्हणत त्यानं सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. वैजंता टायरांकडं बघत होती.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. शहाजी. मी हातात नारळ धरलेला. मला वाटलं, चाकं मागतोय; किंवा कुणीतरी त्याला सांगितलं की पासिंग शुक्रवारीच झालं. दिनकर शेजारी उभा. मी फोन बंद केला. तो परत वाजला. मी परत बंद केला. माझ्या बोटांचं कुंकू फोनच्या काचेला लागलं.

"कुणाचा?" वैजंतानं विचारलं.

"हाय एक स्कीमवाला," मी म्हणालो, आणि नारळ फोडला.

तिसऱ्यांदा तो वाजला नाही.

दीडच्या सुमाराला ताटावर बसलो होतो. पुरणाची पोळी नुकती वाढली होती. गावाकडून फोन आला तो बाबूआप्पांचा. घाटातल्या दुसऱ्या वळणावर शहाजीची गाडी घसरली, मोरीच्या कठड्यावर डाव्या अंगानं जाऊन आदळली. शहाजीच्या कपाळाला टाके पडलेत. नर्सबाईंचा हात दार आणि दगडाच्या मधे सापडलाय. तालुक्याच्या दवाखान्यात नेलंय.

मी हात न धुता उठलो.

एक गोष्ट मी आजवर वैजंतालासुद्धा सांगितलेली नाही. मी गाडी पळवत होतो, रस्त्यावर पाण्याचा थर होता, आणि गाडी कुठंसुद्धा घसरत नव्हती. ब्रेक मारला की जागच्या जागी थांबत होती. वळणावर रेषेवरून चालावं तशी चालत होती. दस्तगीरभाई म्हणाले होते तसं, त्या बारीक चिरा पाणी कापत होत्या. दर वळणाला मला कळत होतं की हे वळण कुणाच्या वाट्याचं होतं ते. मी रडत होतो आणि गाडी मजेत चालली होती.

दवाखान्याच्या अलीकडं, लाकडाच्या वखारीमागं, मी गाडी लावली. कुणी टायर बघू नयेत म्हणून. हार ओढून काढले आणि चालत गेलो. बघा, तेवढ्यातही एवढं सुचलं मला.

दवाखान्याच्या पडवीत अर्धी धामणवडी जमली होती. वहिनींना आत नेलेलं. शहाजी बाकड्यावर, डोक्याला पट्टी, शर्ट रक्तानं माखलेला. समोर वहिनींचे वडील उभे होते, अण्णा. शाळामास्तर माणूस, कधी आवाज चढवून बोललेला ऐकला नाही.

"गाडीचे टायर बघून आलो मी," अण्णा म्हणत होते. "तळहातासारखे गुळगुळीत. शहाजी, तुम्ही दोन महिन्यांपूर्वी नवे घेतले होते ना? गावभर दाखवले होते. ते कुठे गेले?"

शहाजीनं मान वर केली. मी दाराशी होतो. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता सांगणार. खरं तर वाटलं, सांगून टाक बाबा. त्यानं सांगितलं असतं तर मी हो म्हणालो असतो. असं मी मला आजही सांगतो.

"विकले," शहाजी म्हणाला.

"विकले?"

"नड होती. विकले."

अण्णांचा हात उठला, आणि तसाच हवेत राहिला. मग ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "माझ्या पोरीला असल्या टायरांवर घाटात नेली," एवढंच ते भिंतीला म्हणाले. बायाबापड्या कुजबुजायला लागल्या. मी खाली माझ्या हातांकडं बघितलं. बोटांना अजून कुंकू होतं. मी हात खिशात घातले.

थोड्या वेळानं शहाजी नळावर तोंड धुवायला गेला. मी मागोमाग गेलो.

"तुझा फोन लागला नाय," तो म्हणाला.

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

"असंल. बेलवाडीला रेंज जातीच." त्यानं पाणी तोंडावर मारलं. "सड्यावर बाई अडली होती. थांबता येईना. लई हळू चाललो होतो रं हणम्या. तिसाच्या वर काटा नव्हता. पण गाडीनं धरलंच नाय."

"आन् ती बाई?"

"तिच्या सासूनं केली मोकळी. पोरगं झालं म्हणं."

मी म्हणालो, "विकले का म्हणालास?"

तो माझ्याकडं बघत राहिला, मला एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं. "उद्या तुझं पासिंग हाय नव्हं? उसन्या टायरांचं आज बाहेर फुटलं तर तुझी गाडी अडकली. तुझं घर त्या गाडीवर चालतं. माझं व्हायचं ते झालं."

मला तिथंच सांगता आलं असतं. पासिंग झालंय, शुक्रवारीच झालंय. चार शब्द. माझ्याच्यानं झालं नाही. सोमवारी मी पासिंगला म्हणून गाडी बाहेर काढली, लांबच्या गावातून चार जुनी पण बरी चाकं घेतली, ती लावली, आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "झालं एकदाचं." शहाजीची चाकं मी गोठ्यात कडब्याखाली घातली. महिन्यानं ती परत द्यायला विचारलं, तर म्हणाला, "कशाला लावू? गाडी तर भंगारात गेली. ठेव तुझ्याकडंच."

वहिनींचा हात राहिला, पण नुसता राहिला. बोटं मिटेनात. नोकरी गेली नाही. पण उपकेंद्रात दुसरी नर्स टोचायची आणि वहिनी उजव्या हातानं नोंदी करायच्या, पहिलीच्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात. सुमनला पाच वर्षांचा डोस द्यायला नेली तेव्हा ती वहिनींनाच जाऊन बिलगली. "तुमीच टोचा." वहिनी म्हणाल्या, "माझा हात आता जड झाला गं." आणि हसल्या. घरी येताना वैजंता मला म्हणाली, "दसऱ्याचे टायर शहाजीभावजींचे होते नव्हं?" मी म्हणालो, "गप बस." त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

आणि गावानं शहाजीला नाव ठेवलं. टायरविक्या. त्याच्या तोंडावर म्हणायचे, चेष्टेनं म्हणायचे, पण म्हणायचे. एकदा पारावर बाबूआप्पा म्हणाले, "टायरविक्यापासून बायको जपा रं, उद्या तिला बी विकंल." सगळे हसले. मीही हसलो.

मी काय करत होतो, तर दर महिन्याला वहिनींना हात दाखवायला माझ्या गाडीतून शहराच्या दवाखान्यात नेत होतो. डिझेल माझं, दिवस माझा. शहाजी नको नको म्हणायचा, मी ऐकत नसे. गावात माझं नाव झालं. मैतर असावा तर हणमंतासारखा, असं लोक म्हणायला लागले. तो हलकट हसायचा आवाज माझा मला आठवायचा, आणि मी आणखी डिझेल भरायचो.

असं वर्ष गेलं. पुन्हा ऑक्टोबर लागला. त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता येऊ नका, व्हायचं तेवढं झालं. आम्ही बाहेर आलो. भुरभुर चालू होती. वहिनींना डाव्या हातानं दार ओढता येत नसे, म्हणून शहाजी नेहमी पुढं होऊन डावं दार उघडायचा, त्या मधे बसायच्या, मग तो. त्या दिवशी दार उघडायच्या आधी तो जरा थांबला आणि अंगठ्यानं दारावरचा चिखल पुसला. मी आत स्टिअरिंगवर होतो. मला वाटलं, उगीच.

शहर मागं पडलं.

"पासिंग संपतंय तुझं," शहाजी म्हणाला. "दहाला."

"हं," मी म्हणालो. "काढायचंय."

आणि मग मला हिशेब लागला. दहाला. म्हणजे गेल्या साली अकराला झालं. अकरा म्हणजे शुक्रवार. सोमवारी झालं असतं तर दारावर तेरा असती. वर्षभर, दर महिन्याला, ती तारीख घेऊन मीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहत होतो. ती पुसताही येत नव्हती, सरकारी तारीख.

"शाज्या," मी म्हणालो.

वहिनी समोर काचेकडं बघत होत्या. डावा हात उजव्या हातात धरलेला. "मी ती तारीख पहिल्याच महिन्यात वाचली, भावजी," त्या म्हणाल्या. "हे दार उघडेपर्यंत मी समोर उभीच असायचे. वाचायला वेळ भरपूर मिळायचा."

"मग बोलला का नाय कुणी?" मी म्हणालो. "एक शब्द बोलायचा, थोबाडीत मारायची!"

"तू बोलशील म्हणून थांबलो," शहाजी म्हणाला. "आज बोलंल, उद्या बोलंल. फेऱ्या संपत आल्या तरी आपलं वाटायचं, बोलंल." मग जरा वेळानं म्हणाला, "समोर बघ. रस्ता ओला हाय."

धामणवडी आली तेव्हा उजेड होता. पारावर पाच-सात जण होते. गाडी हळू झाली तसं बाबूआप्पांनी हाळी दिली, "काय टायरविके, काय म्हणला डाक्टर?"

मी गाडी बंद केली. उतरलो. पारासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आप्पा, त्यानं टायर विकले नव्हते. माझ्याकडं होते. माझे गुळगुळीत टायर त्याच्या गाडीला होते. पासिंग शुक्रवारीच झालं होतं, मी खोटं सांगितलं. दसऱ्याला मिरवायला टायर ठेवून घेतले. त्यानं फोन केला, मी उचलला नाय."

बाबूआप्पा खाली उतरले, माझ्याजवळ आले. मी गाल पुढं केला. खरंच केला.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हणमंता," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "वरीसभर पदरचं डिझेल घालून नेलंस, तेवढं कमी झालं व्हय? आता त्याचं पाप बी आपल्या अंगावर घेतोस?"

"आप्पा, खरं सांगतोय! कडब्याखाली चाकं हायेत, चला दाखवतो!"

"विकलेली हुडकून परत बी आणलीस?" आप्पांनी पाराकडं वळून विचारलं, "हाय का रं असा मैतर दुसऱ्या गावात?"

मी मागं वळून बघितलं. शहाजी डावं दार उघडून उभा होता, वहिनी उतरत होत्या. मी ओरडलो, "शाज्या, तू सांग! तू सांग ह्यांना!"

त्यानं वहिनींना हात दिला, दार हळूच लावलं. "मी एकदा सांगितलंय," तो म्हणाला. "आता माझं कोण ऐकतंय?"

आणि दोघं बोळातून घराकडं गेले.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. ती चाकं अजून गोठ्यात आहेत, रबर कडक झालंय, रुपया अजूनही खाचेत अर्ध्याच्या वर जातो. मी नंतर कितीजणांना सांगितलं. ऐकून घेतात, मान हलवतात, आणि घरी जाऊन पोरांना सांगतात, मैतर असावा तर हणमंतासारखा.